कावळ्याला शिक्षा मिळाली का?

गोष्ट 2004 सालची. मी मास्तर होऊन फार दिवस झाले नव्हते आणि मास्तरकीचा ताठा अंगात नवा होता. पाचवीच्या वर्गाची हिंदीची चाचणी घेतली होती. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सर्वांना पाठ होती. खाली नेहमीचा प्रश्न होता : ‘इस कहानी से हमें क्या शिक्षा मिलती है?’ बहुतेक मुलांनी वहीतले तात्पर्य जसेच्या तसे उतरवले होते. एकाने मात्र लिहिले होते, ‘कौए को कोई शिक्षा नहीं मिली. उसने पानी पिया और उड़ गया.’

मी ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. मुले खो खो हसली. मला तो निव्वळ वात्रटपणा वाटला. मी मुलाला पुढे बोलावले आणि लाकडी पट्टीने त्याच्या हातावर दोन मारल्या. तो रडला नाही. हात काखेत दाबून म्हणाला, “गुरुजी, कावळ्याले तं शिक्षा नाही भेटली, मंग मले काहून?”

वर्ग पुन्हा हसला. मी तिसरी मारली.

त्या वर्षात त्या मुलाने माझ्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाही. तो वात्रट नव्हता. त्याने प्रश्न आपल्या मायबोलीत नीट वाचला होता आणि खरे तेच उत्तर दिले होते. हे मला उमगायला पुढे बरीच वर्षे गेली. ज्या एका शब्दाने हा घोटाळा केला, त्या ‘शिक्षा’ शब्दाची कुळकथा आज सांगावी असे मनात आहे. दिवाळीच्या दिवसांत, फराळाचे ताट शेजारी ठेवून अंक चाळणाऱ्या वाचकांपुढे व्याकरण वाढणे रीतीला धरून नाही, हे मी जाणतो. शिवाय माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. भाषाशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला आणि मुलांना शिकवणाऱ्याला शब्द हेच अवजार असते, आणि आपले अवजार कोठे घडले ते पाहण्याचा हक्क सुताराइतकाच त्यालाही आहे.

आमचा वर्धा जिल्हा या शब्दाच्या परीक्षेला फार सोयीचा. इथे मराठी आणि हिंदी एकाच आळीत राहतात. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 साली वर्ध्यालाच स्थापन झाली. 1997 पासून महात्मा गांधींच्या नावाचे हिंदी विश्वविद्यालयही इथेच आहे. त्या विश्वविद्यालयात ‘शिक्षा विद्यापीठ’ नावाचा विभाग आहे. अध्यापनशास्त्र शिकवणाऱ्या विभागाचे हे साधे हिंदी नाव. पण खेड्यातून प्रथमच आलेल्या मराठी माणसाने ते नाव वाचले, तर आत कोणाला उठाबशा काढायला लावतात की काय, असे त्याला वाटणारच! 2001 साली ‘सर्व शिक्षा अभियान’ आले आणि पेन्सिलीवर बसलेल्या मुलामुलींचे ते चित्र गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर उमटले, तेव्हा शिक्षकांच्या खोल्यांत एकच विनोद वर्षभर चालला होता : सरकारने सर्वांना शिक्षा करायचे ठरवले आहे! 2018 साली त्याचे ‘समग्र शिक्षा’ झाले आणि विनोदाला नवी पालवी फुटली.

या विनोदाच्या पोटी दोन मते नांदतात. एक पक्ष म्हणतो, हिंदीवाल्यांनी शब्द चुकीचा वापरला. दुसरा, जरा संस्कृत शिकलेला पक्ष म्हणतो, मूळचा पवित्र शब्द आम्हा मराठ्यांनी बिघडवला. मला दोन्ही मते उथळ वाटतात. ती का, ते सांगतो.

मी राहतो त्या सावंगी (मेघे) गावात मोठे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. त्यामुळे चहाच्या टपरीवर अर्धा हिंदुस्थान भेटतो. माझी भाची नर्सिंगचे शिक्षण घेऊन तिथेच काम करते. तिला मी एकदा काम सांगितले : तुझ्याबरोबरच्या परप्रांतीय मुलींना ‘शिक्षा’ म्हणजे काय ते विचारून ये. ती चार दिवसांनी उत्तरे घेऊन आली. केरळची मुलगी म्हणाली, शिक्षा म्हणजे दंड. आंध्रची म्हणाली, दंडच. शिकवण्याला आम्ही ‘शिक्षण’ म्हणतो. कर्नाटकातलीही तेच म्हणाली. गुजरातची तशीच. उलट बंगालची, ओडिशाची, आसामची आणि नेपाळहून आलेली, या सर्वजणींना शिक्षा म्हणजे शाळा, अभ्यास, विद्या. भाचीने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “मामा, हा तर नकाशाच झाला.”

खरोखरच नकाशा होता तो. पश्चिमेला आणि दक्षिणेला दंड, उत्तरेला आणि पूर्वेला विद्या. पाच भाषांनी एका बाजूने चूक केली आणि पाचांनी दुसऱ्या बाजूने, असे कोणी म्हणू लागला तर ते ऐकून घेण्यात अर्थ नाही. एवढ्या मोठ्या मुलखात अर्थ असा वाटून घेतला जातो, तेव्हा दोन्ही अर्थांची बीजे शब्दातच असली पाहिजेत.

ती पाहायची तर मुळाशी जावे लागते. संस्कृतात ‘शक्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ समर्थ असणे. शक्ती, शक्य, अशक्य हे त्याचेच गोत. संस्कृतात धातूला एक प्रत्यय लावून इच्छेचा अर्थ आणता येतो. ‘पा’ म्हणजे पिणे, त्याची इच्छा ती पिपासा. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, त्याची इच्छा ती जिज्ञासा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. (भाची हे ऐकून चकित झाली. रोग्याचे ऐकून घेण्याची इच्छा हीच तिच्या धंद्याची मूळ व्याख्या, हे तिला कोणी सांगितले नव्हते.) याच घडणीने ‘शक्’पासून ‘शिक्ष्’ झाले आणि त्यावरून शिक्षा. म्हणजे शिक्षेचा मूळ अर्थ : समर्थ होण्याची इच्छा. मला जमावे, मला करता यावे, ही ओढ.

वाचकहो, या अर्थात एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. त्यात गुरू नाही, शाळा नाही, पट्टी तर नाहीच नाही. इच्छा करणारा फक्त शिकणारा आहे. शब्द जन्मला तो मुलाच्या बाजूने. मास्तर त्यात मागाहून शिरला.

पुढे तो शब्द वेदाभ्यासात गेला. सहा वेदांगांपैकी एक शिक्षा. उच्चार कसा करावा, स्वर कोठे चढवावा, मात्रा किती धरावी याचे ते शास्त्र. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाचे नावच शीक्षावल्ली. तिथे पहिला स्वर दीर्घ आहे, हे शुद्धलेखनाच्या पंतोजींनी ध्यानात घ्यावे! उच्चाराच्या पाठापासून निघालेली ही वल्ली पुढे गुरूने घरी निघालेल्या शिष्याला केलेल्या उपदेशापाशी येते. त्या उपदेशात गुरू सांगतो की, आमच्या वागण्यात जे चांगले असेल तेवढेच घ्या, बाकीचे घेऊ नका. एवढा मोकळेपणा आज किती मास्तरांपाशी आहे, याचे उत्तर मी माझ्यापुरते देऊ शकतो आणि ते फारसे भूषणावह नाही.

पालीत हाच शब्द ‘सिक्खा’ झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्यानंतर आमच्या विदर्भातल्या हजारो घरांत पंचशील म्हटले जाऊ लागले. त्यातल्या प्रत्येक शीलाच्या अखेरीस ‘सिक्खापद’ हा शब्द येतो. अनेकजण तो रोज उच्चारतात, पण तो आपल्या ‘शिक्षे’चा सख्खा भाऊ आहे हे क्वचितच कोणी बोलून दाखवते. तिथे सिक्खापद म्हणजे स्वतः होऊन स्वीकारलेला वागण्याचा पाठ. ते कोणी लादत नाही. म्हणणारा आपल्या तोंडाने, आपल्या इच्छेने तो घेतो. मूळ अर्थाची ऊब तिथे शाबूत राहिली आहे.

मग दंड आला कोठून? मला वाटते, तो शेजाऱ्याच्या घरातून आला. ‘शास्’ हा दुसरा धातू. त्याच्यापासून शास्त्र, शिष्य आणि शासन असे तिन्ही झाले. उपदेश करणे, राज्य करणे आणि दंड करणे ही कामे या धातूने प्रथमपासून एकाच हाताने केली. पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरणाला शब्दांचे अनुशासन म्हटले आहे, आणि बंगालीत ‘शास्ति’ म्हणजे सरळ दंड. आपल्याकडेही कर थकला की ‘शास्ती’ भरावी लागते. शिकवणे आणि वठणीवर आणणे या दोन कल्पनांची अशी जुनी सोयरीक होती. शिवाय बोलण्याची लकब पाहा. “थांब, तुला चांगला धडा शिकवतो” असे आपण म्हणतो, तेव्हा त्या धड्यात पुस्तक नसते. हिंदीत हाच प्रकार ‘सबक सिखाना’. धडा, सबक, शिक्षा या सर्वांना एकच उतार आहे, आणि पाणी उताराने जाते.

हा उतार पायरीपायरीने कसा उतरला, याच्या खुणाही सापडतात. गुजरातेत सहजानंद स्वामींनी 1826 साली ‘शिक्षापत्री’ लिहिली. ती आचरणाच्या नियमांची पोथी आहे. तिथे शिक्षा म्हणजे आज्ञावजा उपदेश, विद्या आणि दंड यांच्या नेमका मधला अर्थ. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि 1857 साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्या कोशात शिक्षा शब्दाखाली विद्येचा अर्थही आहे आणि दंडाचाही. म्हणजे गेल्याच्या मागच्या शतकातल्या मराठी माणसाला दोन्ही अर्थ परिचयाचे होते. पुढे मराठीने वाटणी केली. विद्येचा वाटा ‘शिक्षण’ घेऊन गेला, दंडाचा ‘शिक्षे’कडे राहिला. गंमत अशी की शिक्षक, शिक्षिका, सुशिक्षित, अशिक्षित हे सारे भाऊबंद जुन्याच घरी नांदत आहेत. एकट्या शिक्षेला तेवढे कोर्टात आणि तुरुंगात नोकरी लागली.

इथे माझीही एक चूक कबूल करतो. कुळे जुळवण्याची चटक लागली की माणूस वाहवतो. ‘शिकस्त’ हा शब्द ‘शिकणे’वरून आला असे मी एका वर्गाला बेधडक सांगितले होते. ते साफ खोटे. शिकस्त फारसी आहे, तिचा मूळ अर्थ मोडणे, पराभव. ‘प्रयत्नांची शिकस्त’ म्हणजे मोडून पडेपर्यंत केलेला प्रयत्न. तोंडावळा सारखा म्हणून नाते सांगू नये, हा नियम लग्नात आणि व्युत्पत्तीत सारखाच लागू आहे.

तशीच दुसरी गोष्ट ‘तालीम’ शब्दाची. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिथून पुढे जी योजना आखली, ती देशभर वर्धा योजना म्हणून गाजली आणि सेवाग्रामात ‘नयी तालीम’ सुरू झाली. तालीम हा अरबी शब्द. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, त्याच्याच कुळातला. पण मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, नाहीतर नाटकाची रंगीत तालीम. तेव्हा नवी तालीम म्हणजे नवा आखाडा, असे कोणा मराठी माणसाला वाटले असेल तर त्याला हसू नये. सूत कातणे, शेत, सफाई यांतून शिकवायचे अशी ती योजना होती. हातापायांना तिथे भरपूर काम होते. शब्दाचा मराठी अर्थ तिला अगदीच परका नव्हता.

आता जरा दूर जाऊ. निमित्त पुन्हा भाचीचेच. जर्मनीत परिचारिकांना मागणी आहे म्हणून ती जर्मन भाषा शिकते. आमच्याकडे असे पुष्कळ तरुण हल्ली जर्मन शिकताना दिसतात. एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. म्हणाली, “मामा, तुमच्या शिक्षेसारखी भानगड इथेही आहे.” आम्ही दोघे कोश घेऊन बसलो, आणि खरेच, तिकडेही तीच कथा निघाली.

जर्मनमध्ये ‘त्सीएन’ म्हणजे ओढणे. त्यापासून ‘एर्त्सीउंग’ झाला, म्हणजे मुलाला वाढवणे, वळण लावणे, शिक्षण. त्याच धातूपासून ‘त्सुख्ट’ झाला, म्हणजे पैदास आणि शिस्त. त्या त्सुख्टपासून ‘त्सुख्टिगुंग’, म्हणजे मारून केलेली शिक्षा. आणि ‘त्सुख्टहाउस’, शब्दशः शिस्तीचे घर, म्हणजे सक्तमजुरीचा तुरुंग. पश्चिम जर्मनीने 1969 च्या कायद्याने हा तुरुंगाचा प्रकार मोडीत काढला. डच भाषेत ‘तुख्त’, डॅनिशमध्ये ‘तुग्त’, स्वीडिशमध्ये ‘तुक्त’ अशी या शब्दाची भावंडे शिस्तीचाच धाक घेऊन उभी आहेत. इंग्रजीत मात्र या कुळाला निराळे दिवस आले. जहाज ओढणारी ‘टग’ बोट याच घराण्यातली. आमची मुले क्रिकेट खेळताना ज्या ‘टीम’साठी भांडतात, तो शब्दही तिथलाच. जुन्या इंग्रजीत तो गाडीला किंवा नांगराला एकत्र जुंपलेल्या जनावरांना लावीत! लॅटिनमध्ये याच मुळाचा अर्थ पुढे नेणे असा, आणि इंग्रजी ‘एज्युकेशन’चा उगम त्या लॅटिन घराण्यात आहे. आपल्याकडे ‘नी’ म्हणजे नेणे, आणि त्यावरून विनय, नीती आणि मुलाला गुरूजवळ नेण्याचे उपनयन. ओढून नेणे आणि हात धरून नेणे यांत अंतर किती थोडे आहे, ते या शब्दांना माहीत होते.

दुसरा शब्द इंग्रजी ‘टीच’. त्याचा जुना अर्थ दाखवणे. जर्मन ‘त्साइगेन’, म्हणजे दाखवणे, हा त्याचा नातेवाईक, आणि आपला ‘दिश्’ धातूही. त्यातून दिशा आणि उपदेश निघाले. कानाला हे पटत नाही. पण संस्कृतातला ‘द’ इंग्रजीत ‘ट’ आणि जर्मनमध्ये ‘त्स’ होतो, हा नियम याकोब ग्रिमने 1822 साली मांडला. दश, टेन, त्सेन. द्वौ, टू, त्स्वाय अशी उदाहरणे लहान मुलालाही समजतात. पण या घराण्यातही एक अवघड माणूस आहेच. जर्मन ‘त्साइएन’ म्हणजे आरोप ठेवणे. तेही बोट दाखवणेच, फक्त वाटेकडे नव्हे, माणसाकडे. आणि त्याच शब्दाला उपसर्ग लागून ‘फेरत्साइएन’ झाला. त्याचा अर्थ क्षमा करणे. बोट दाखवणाऱ्याने ते मागे घेतले की क्षमा झाली.

तिसरा शब्द ‘लर्न’, जर्मन ‘लेर्नेन’. विद्वान त्याचे मूळ पाऊलवाट, माग किंवा नांगराची रेघ या अर्थाच्या धातूत पाहतात. मागावर चालत राहणे म्हणजे शिकणे. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत नांगराच्या रेघेला ‘तास’ म्हणतात. शाळेतला तास निराळा, तो घटका मोजण्याच्या फारसी वाटीतून आला. दोघांचे नाते नाही. वर सांगितलेला नियम मी विसरलेलो नाही. तरी कापसाच्या शेतात तास धरून चाललेला माणूस दिसला की मला माझा वर्ग आठवतो, एवढे म्हणायला हरकत नसावी.

या सर्व प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट झाली. शिकवणे आणि शासन करणे यांची गाठ एकट्या मराठीने मारलेली नाही. जिथे जिथे मोठी माणसे लहानांना शिकवू लागली, तिथे तिथे भाषेने ती गाठ नोंदवून ठेवली. भाषा खोटे बोलत नाही. समाज जे करतो, ते ती वहीत मांडते.

आता आपल्या साहित्याकडे पाहू, कारण दंडाच्या अर्थाला सर्वांत मोठा आधार आमच्या लेखकांनी दिला आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली ‘श्यामची आई’ लिहिली. पोहायला जायला भिणाऱ्या श्यामला आई मारते, तो प्रसंग मराठी घरांत तीन पिढ्या वाचला गेला. त्या प्रसंगाचे बळ माराच्या फटक्यांत नाही. मारणाऱ्या आईला स्वतःला जे लागते, त्यात आहे. तिथे शिक्षा आणि शिक्षण हे दोन शब्द क्षणभर पुन्हा एक होतात, ते तिच्या वेदनेमुळे. पण पुढच्या पिढ्यांच्या शालेय आठवणी आणि कथा वाचा. कडक, छडीवाले, पण ‘मनाने प्रेमळ’ मास्तर तिथे पानोपानी भेटतात. लेखक मोठा होऊन त्यांच्या छडीला नमस्कार करतो आणि आपण आज जे काही आहोत ते त्या छडीमुळे, असे सांगतो. साने गुरुजींच्या आईची काठी या लेखकांनी उचलली, तिची वेदना मात्र तिथेच राहू दिली. शिवाय छडी खाऊन जे गप्प झाले, ज्यांनी पुन्हा हात वर केला नाही, ते आठवणी लिहीत नाहीत. म्हणून त्यांची साक्ष आमच्या साहित्यात आलीच नाही. माझ्या पहिल्या कादंबरीतही असाच एक प्रेमळ छडीवाला मास्तर आहे. वाचकांना तो आवडला. मला आज तो आवडत नाही.

याउलट ज्यांनी छडी खाली ठेवली, त्यांनी शब्दही वर उचलला. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला संस्था काढली, तिचे नाव ‘ग्राम बाल शिक्षा केंद्र’. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी ते काम वाढवले. आदिवासी मुलांना मार, धाक, लालूच यांवाचून शिकवू पाहणाऱ्या या मराठी बायांनी आपल्या पाटीवर ‘शिक्षा’ हा शब्द मराठी माणसाच्या हसण्याची पर्वा न करता लिहिला. त्या पाटीवर मला शब्दाचा जुना अर्थ दिसतो.

सरकारनेही अखेर ही गाठ कायद्याने सोडवली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे बंद केले. त्या कायद्याचे हिंदी नाव ‘शिक्षा का अधिकार’. ज्या कायद्याने मास्तरच्या हातातून शिक्षा काढून घेतली, त्याच्याच कपाळी शिक्षा! स्वीडनने 1979 सालीच, जगात प्रथम, घरातल्या मारालाही बंदी केली होती. जर्मनीने 2000 साली कायद्यात लिहिले की मुलांना हिंसेवाचून ‘एर्त्सीउंग’ मिळण्याचा हक्क आहे. एका धातूच्या दोन लेकींतली एक घरात ठेवून दुसरीला कायद्याने बाहेर काढले.

माझा निवाडा असा. मराठीने शिक्षण आणि शिक्षा असे दोन शब्द वेगळे केले, ही आपल्या भाषेची शहाणीव आहे. हिंदीला जी सोय नाही ती आपल्याला आहे. पण या सोयीने आपली एक फसगतही केली. शब्द वेगळे झाले म्हणजे वस्तूही वेगळ्या झाल्या, असे आपण समजून बसलो. शिक्षणखाते एका इमारतीत आणि तुरुंगखाते दुसऱ्या इमारतीत, एवढ्यावर आपले समाधान झाले. माझ्या वर्गात 2004 साली मात्र दोन्ही खाती एकाच टेबलावर होती, आणि त्या टेबलामागे मी होतो.

यंदाच्या जून महिन्यात पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी एक तिशीतला गृहस्थ मुलीचे बोट धरून आला. मी ओळखले नाही, त्याने ओळखले. तोच तो. आता तो एका दवाखान्यात काम करतो. दिवसभर परप्रांतीय डॉक्टरांशी हिंदी बोलावी लागते, त्यामुळे त्याच्या बोलण्यात हिंदी मिसळली आहे. मुलीला पुढे करून तो म्हणाला, “गुरुजी, आता हिची शिक्षा तुमच्या हाती.”

त्याने तो शब्द हिंदीतून आणला होता, की त्याला कावळा आठवला होता, ते मी विचारले नाही. मी एवढेच म्हणालो, “त्या कावळ्याच्या गोष्टीत तुझं उत्तर बरोबर होतं रे. चूक माझी होती.” तो जरा हसला. म्हणाला, “जाऊ द्या ना गुरुजी.” मुलगी दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

त्या दिवसापासून मी ते उत्तर मनाशी पुन्हा तपासतो. कावळा तहानलेला होता, म्हणजे पिपासा होती. पाणी खोल होते, चोच पुरत नव्हती. मला जमले पाहिजे, या एका इच्छेने त्याने खडा खडा आणून टाकला. त्याला कोणी शिकवले नाही आणि कोणी मारले नाही. कावळ्याला शिक्षा मिळाली नाही, हे त्या मुलाचे उत्तर मराठीत अगदी खरे आहे. आणि शब्दाचा सर्वांत जुना अर्थ घेतला, तर ती शिक्षा त्या कावळ्यापाशी आधीपासूनच होती. माझ्या वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलापाशीही ती असते. पट्टीने ती वाढत नाही, हे मला फार उशिरा कळले. आपल्या घरात या दिवाळीत एखादे मूल वेडेवाकडे उत्तर देईल, तेव्हा ते त्याने कोणत्या भाषेत ऐकले असेल, याचा आधी विचार व्हावा, इतकेच मागणे आहे.